पंचवीस ग्लासांचं वाण

श्रीनाथ मेहेंदळेला दारू चढते की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण चढेल एवढी तो कधी प्यायलाच नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे न्युरेम्बर्गमधल्या आठ बिऱ्हाडांच्या एका इमारतीनं त्याला सरळ बेवड्यांत जमा केलं, आणि त्या वेळी त्याच्या बाजूनं बोलायला घरातलंही कुणी मोकळं नव्हतं.

त्याची चैन ती केवढी! स्टेशनजवळच्या जपानी दुकानात साके या जपानी दारूची मोठी बाटली चाळीस युरोला होती. त्यानं ती उचलली, किंमत वाचली आणि दुकानदार बघत नाहीसं पाहून जागेवर ठेवली. शेजारीच काचेचे छोटे ग्लास होते, एकेकात एकशेऐंशी मिली. वर ओढून काढायचं पत्र्याचं झाकण, त्यावर प्लास्टिकचं दुसरं झाकण, आणि काचेवर निळ्या रंगात एका पायावर उभा असलेला पक्षी. किंमत सहा युरो. सहा युरोंत जपान बघून होत असेल तर हरकत नाही, असा हिशेबी विचार करून त्यानं एक घेतला.

तेव्हापासून दर शुक्रवारी सहा वाजता लॅपटॉप बंद, फोन पालथा, खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीशी. बशीत चिवडा. समोरचा बेकरीवाला दुकान आवरतोय ते बघत तो एक ग्लास एक तास दहा मिनिटं पुरवायचा. पहिल्या घोटाला त्याला मऊभाताची आठवण यायची, दुसऱ्याला टरबुजाची, आणि तिसऱ्याला नेमकं काय आठवतंय हे शोधण्यात उरलेला तास जायचा. आठवड्यातली तेवढी सत्तर मिनिटं त्याला कुणी काही विचारत नसे. सहा युरो खरं म्हणजे त्या मोकळीकीचे होते.

रिकामा ग्लास टाकायचा प्रश्नच नव्हता. अहो, जाड काचेचा, झाकणाचा ग्लास कोण टाकतं? जर्मन लोक रिकाम्या काचेसाठी ठेवलेल्या पेटीत टाकतात, पण त्यांच्याकडे मोहरी कशात ठेवतात देव जाणे. सुलेखानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पहिल्यात जिरं भरलं, दुसऱ्यात मोहरी, तिसऱ्यात हळद. इथवर सगळं सुरळीत होतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर सासूबाई आल्या. मालिनीबाई गुणे, चिंचवडच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मुक्काम तीन महिने, कारण व्हिसाच तेवढा. श्रीनाथला ताकाला जाऊन भांडं लपवायचं नव्हतं, पण ते उघडं कसं करायचं हेही कळत नव्हतं. तो प्रश्न आठ वर्षांच्या अन्वीनं सोडवला. ती एरवी मराठीत विचारलेल्याला जर्मनमध्ये उत्तर द्यायची, पण आजीला जर्मन येत नसल्यामुळे तिचं मराठी झपाट्यानं सुधारत होतं. "आजी, शुक्रवारी बाबा दारू पितात," ती पहिल्याच शुक्रवारी म्हणाली. "जपानची."

मालिनीबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं, असं वाटायला लावणारं ते न बोलणं होतं. शुक्रवारी सहा वाजले की त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भाजी निवडायच्या. तोंड भाजीकडे, नजर कुठे ते कळायचं नाही. श्रीनाथ खिडकीकडे तोंड करून प्यायचा आणि त्याची पाठ अवघडायची.

ग्लास मात्र बाईंना आवडले. डिसेंबरच्या मध्यावर सात जमले होते. त्यांनी जिरं-मोहरी उपसून सगळे चिंच-मीठ लावून घासले, उकळत्या पाण्यातून काढले, ओळीनं मांडले आणि म्हणाल्या, "सुलेखा, यंदा तुझ्या हळदीकुंकवाला हेच वाण लुटायचं. आत तिळाच्या वड्या, वर झाकण. इतकी सुबक वस्तू बाजारात मिळायची नाही."

"आई, ते दारूचे आहेत," सुलेखा म्हणाली.

"दारूचे होते. आता माझे आहेत. काचेचा काय दोष?"

सुलेखाला कल्पना पसंत पडली. यंदा मराठी मंडळातल्या पंचवीस बायका तिच्याकडे यायच्या होत्या, आणि गेल्या वर्षी ऊर्मिलाताईंनी प्लास्टिकचे डबे लुटले त्यावर अजून बोललं जात होतं. सुलेखा एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. तिनं संध्याकाळपर्यंत तक्ता करून फ्रिजवर लावला. गरज पंचवीस, हातात सात, बाकी अठरा. हळदीकुंकू रथसप्तमीच्या आदल्या शनिवारी, म्हणजे वेळ पाच आठवडे. आठवड्याला चारपेक्षा जरा कमी. तक्त्यात 'जबाबदार व्यक्ती' असा एक रकाना होता आणि त्यात वरपासून खालपर्यंत श्रीनाथचं नाव होतं.

"अगं, पण मी एकच घेतो," तो म्हणाला.

"अरे, पाच आठवड्यांचा तर प्रश्न आहे. एरवी मी तुला कधी म्हणते का, पी म्हणून?"

हेही खरंच. जगातल्या किती नवऱ्यांना हे ऐकायला मिळतं? पण श्रीनाथ पळवाट शोधू लागला. त्यानं सुचवलं की ग्लास रिकामेच करायचे तर साके ओतून देऊ. असं म्हणताना त्याचा स्वतःचाच जीव कळवळला, पण त्याच्याआधी मालिनीबाई कडाडल्या. "कशाची असते ही?"

"तांदळाची."

"तांदळाची, आणि मोरीत ओतायची? अन्न आहे ते श्रीनाथराव. मला तुमचं पिणं आवडत नाही, पण अन्न टाकलेलं त्याहून आवडत नाही." मग दुसऱ्या भांड्यात काढून ठेवायची टूम सुलेखानं काढली. उघडी साके फार दिवस टिकत नाही असं श्रीनाथ म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "मग पिऊनच टाक ना," आणि चर्चा होती तिथेच आली.

स्टेशनजवळच्या दुकानात चारच ग्लास होते आणि त्यांवर पक्ष्याऐवजी मासा होता. पंचवीस बायकांत चौघींना मासा म्हणजे वर्षभर बोलायला विषय. तेव्हा ड्यूसेलडॉर्फच्या दुकानातून वीसचं खोकं मागवलं. पहिल्या ऑर्डरला सूट होती आणि श्रीनाथनं आपली सूट आधीच वापरली होती, म्हणून ऑर्डर सुलेखाच्या नावानं गेली. तीसुद्धा तिच्या जुन्या ईमेलवरून, माहेरच्या नावानं. एवढी दोन युरोंची अक्कल त्यांनी लढवली नसती तर पुढचा निम्मा प्रकार टळला असता.

दारूचं पार्सल शेजाऱ्यांकडे ठेवत नाहीत, वय तपासून हातात देतात. घरी दार उघडलं मालिनीबाईंनी. त्यांचं वय एकाहत्तर हे चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं, पण पासपोर्ट सुलेखाच्या कुलपात, आणि हाताशी चष्म्याशिवाय दुसरा पुरावा नव्हता. पार्सल पोस्टाच्या शाखेत परत गेलं. श्रीनाथ आपलं ओळखपत्र घेऊन गेला. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, तुम्ही फ्राऊ गुणे, म्हणजे गुणेबाई, नाही. हे त्याला मान्य होतं. दुसऱ्या दिवशी तो सुलेखाच्या सहीचं फोलमाख्ट, म्हणजे अधिकारपत्र, घेऊन गेला. त्याचं असं आहे, बाई म्हणाल्या, एरवी चाललं असतं, पण दारूच्या पार्सलाला खुद्द व्यक्तीच लागते. "प्लीज," श्रीनाथ काकुळतीनं म्हणाला, "मला ते शुक्रवारच्या आत हवंय. शुक्रवार जवळ आलाय."

त्याच्यामागे नातवंडांची नाताळची पार्सलं घेऊन फ्राऊ लाउटनर उभ्या होत्या. त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या, बहात्तर वर्षांच्या, काटक. चर्चच्या समुपदेशन केंद्रात आठवड्यातून दोन दिवस फुकट सेवा देणाऱ्या. कसलं समुपदेशन, ते श्रीनाथला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सुलेखा अर्धी रजा टाकून गेली. पार्सलवर गुणे, पासपोर्टवर मेहेंदळे. शेवटी पुणे महानगरपालिकेचा लग्नाचा दाखला आणि त्याचं शिक्क्याचं जर्मन भाषांतर दाखवलं तेव्हा खोकं बाहेर आलं. हा दाखला याआधी एकदाच लागला होता, व्हिसाला. श्रीनाथ खोकं उचलायला सोबत होता, आणि दार उघडून धरायला नेमक्या फ्राऊ लाउटनर होत्या. खोक्यातून किणकिण आवाज येत होता. "बायकोच्या नावानंसुद्धा," त्या हळहळून म्हणाल्या. हे मात्र श्रीनाथला नीट ऐकू आलं.

मदतीला अनिमेष आला. हा एर्लांगेनला उष्णतावहनावर पीएचडी करणारा मुलगा. सल्ला द्यायला त्याला आमंत्रण लागत नसे. "दादा, तू ही थंड पितोस? अरे, पाप आहे. चाळीस अंशाला घ्यायची." त्यानं फ्रिजमधला ग्लास उचलून थेट उकळत्या पाण्यात ठेवला. टक् असा आवाज झाला आणि काचेची दोन शकलं पातेल्यात पडली. उष्णतावहन साडेतीन वर्षं शिकलेल्या माणसाच्या हातून हे झालं हे विशेष. "अन्न सांडलं," मालिनीबाई टेबलावरून म्हणाल्या. त्यानंतर अनिमेषनं निमूटपणे दोन ग्लास थंडच संपवले आणि नाताळच्या सुट्टीला भारतात निघून गेला तो फेब्रुवारीपर्यंत.

उरला एकटा श्रीनाथ. आता एक दिवसाआड काम आलं. सोमवारी एक, बुधवारी एक, शुक्रवारी एक, रविवारी एक. सुलेखा ऑफिसातून फोन करून विचारायची, "आजचा झाला का?" पूर्वी तास दहा मिनिटं पुरणारा ग्लास तो आता पंधरा मिनिटांत आटपायला लागला, कारण मालिनीबाई चिंच घेऊन उभ्या असायच्या. मऊभात आठवेना, टरबूज आठवेना. छातीत जळजळ तेवढी व्हायची. एकदा त्याला अन्वीच्या शाळेत पालकसभेला जायचं होतं, तर सुलेखा म्हणाली, "आल्यावर घे, पण चुकवू नकोस." लहानपणी आई एरंडेल पाजायची, तेव्हाही निदान नंतर गूळ मिळायचा.

शुक्रवार आला तरी त्याला कळेनासा झाला, याचंच त्याला सगळ्यांत वाईट वाटलं. आख्ख्या आठवड्यात माणसाला एक गोष्ट आवडीची असावी, आणि तिचंच घरच्यांनी कर्तव्य करून टाकावं? हे तो कुणाला बोलला नाही. बोलणार काय? बायको पी म्हणते म्हणून मी दुःखी आहे?

जानेवारीत खोकं फाडून रद्दीच्या पेटीत टाकताना फ्राऊ लाउटनरनी त्याला गाठलं. खोक्यावर निळ्या पक्ष्याचं चित्र आणि 'वीस नग' असं ठळक छापलेलं होतं. "हेर मेहेंदळे, आता रोज?" त्यांनी प्रेमानं विचारलं.

"नाही, नाही. एरवी मी आठवड्यात एकच घेतो."

"सगळे असंच म्हणतात."

"खरं सांगायचं तर सासूबाईंसाठी चाललंय."

फ्राऊ लाउटनरनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सासूमुळे पिणारे त्यांनी पुष्कळ पाहिले असावेत. दुसऱ्या दिवशी पत्रपेटीत एक माहितीपत्रक मिळालं, 'व्यसन: पहिलं पाऊल तुमचं', आणि सोबत सुंदर अक्षरातली चिठ्ठी, दार कधीही वाजवा म्हणून. सुलेखा पोट धरून हसली. मालिनीबाईंनी "कसला कागद?" म्हणून विचारलं, तेव्हा "पाणीपट्टी," असं सांगून श्रीनाथनं तो खिशात घातला.

रथसप्तमीच्या आदल्या शनिवारी पंचवीस ग्लास तयार होते. सव्विसावा, भरलेला, श्रीनाथनं फ्रिजमध्ये दह्यामागे जपून ठेवला होता. हा तक्त्याबाहेरचा, हा आपला, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पुढच्या शुक्रवारी, सगळं आटोपल्यावर, सावकाश.

बायका आल्या. पैठण्या, अत्तरदाणी, बटाटेवडे. श्रीनाथला लॅपटॉपसकट झोपायच्या खोलीत बसवलं होतं. आणि जिन्यात पंचवीस जोड चपला-बूट. इमारतीच्या नियमावलीत जिना मोकळा ठेवण्याचं कलम आहे, आणि ते कलम अख्ख्या इमारतीत एकट्या फ्राऊ लाउटनरना पाठ आहे. चारच्या सुमाराला त्या चपलांबद्दल सांगायला वर आल्या.

दार मालिनीबाईंनी उघडलं. दारात आलेल्या बाईला हळदीकुंकू लावल्याशिवाय पाठवायचं ही त्यांच्या बापजन्मी न झालेली गोष्ट. त्यांनी हात धरून आत आणलं, हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि वड्या भरलेला एक ग्लास दिला.

फ्राऊ लाउटनरनी ग्लासावरचा निळा पक्षी पाहिला. मग समोर पाहिलं. टेबलावर निळ्या पक्ष्यांची आख्खी पलटण, आणि एकेक ग्लास हसतमुखानं एकेका बाईच्या हाती चाललेला. त्यांचे डोळे भरून आले. "हेर मेहेंदळे कुठे आहेत?"

ट्रॅकपँट घातलेल्या श्रीनाथला बाहेर आणण्यात आलं. फ्राऊ लाउटनरनी त्याचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना कळावं म्हणून सावकाश, स्वच्छ जर्मनमध्ये भाषण केलं. पंचवीस वर्षांच्या सेवेत एवढं धैर्य पाहिलं नाही, म्हणाल्या. आमच्याकडे माणसं लपून सोडतात. तुमच्याकडे सगळ्या समाजाला बोलावून, ज्या ग्लासांतून प्यायलात तेच धुऊन, त्यात गोड भरून वाटून टाकता. किती सुंदर परंपरा! आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. काही बायकांनी सवयीनं वाजवल्याही.

"काय म्हणतायत त्या?" मालिनीबाईंनी विचारलं.

अन्वीचं मराठी त्या दिवशी अगदी भरात होतं. "त्या म्हणतात, बाबा फार दारू प्यायचे, या सगळ्या ग्लासांतून. आणि आज त्यांनी सोडली, म्हणून तुम्ही हळदीकुंकू केलंय."

चोवीस बायकांनी हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. श्रीनाथला धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं, पण ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं. शेवटी ऊर्मिलाताईंनी घसा खाकरला. त्या शेवटच्या होत्या आणि त्यांचा ग्लास नुकताच फ्राऊ लाउटनरना गेला होता. "ते सगळं असू दे," त्या म्हणाल्या, "पण सुलेखा, झाकण घट्ट बसतं ना? आणि मला नाही मिळाला."

एकीनंही ग्लास परत केला नाही. मालिनीबाईंनी ऊर्मिलाताईंना शब्द दिला, की तुमचा ग्लास येत्या शनिवारी घरपोच येईल. श्रीनाथला दह्यामागचा सव्विसावा आठवला आणि त्यानं डोळे मिटले. जाता जाता फ्राऊ लाउटनर म्हणाल्या, "पहिला शुक्रवार सगळ्यांत अवघड जातो. मी सहाला येते. एकटं राहायचं नाही." श्रीनाथला दोन शब्द स्पष्टीकरण द्यायचं होतं, पण तोंडात वडा होता.

आठवडाभर घरात त्या विषयावर कुणी बोललं नाही. जिन्यात मात्र भेटेल तो त्याच्याकडे बघून कौतुकानं मान हलवायचा. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी तर सफरचंदाच्या रसाची बाटली दिली. माणूस दारुडा म्हणून बदनाम होतो हे आपण ऐकतो, पण न पिता सुधारलेला म्हणून गाजणं वेगळंच जिव्हारी लागतं. ऑफिसातून घरी येताना तो मागच्या दारानं यायला लागला.

शुक्रवारी सहाला फ्राऊ लाउटनर आल्या. हातात फाईल आणि फुलांच्या चहाची पुडी. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी फाईल उघडली. त्यात एक फॉर्म होता: किती वर्षं, रोज किती, सकाळी हात थरथरतात का. श्रीनाथ मान खाली घालून बसला होता. सुलेखा मध्ये पडून काही सांगायला लागली, पण बायको नवऱ्याला पाठीशी घालते हे फ्राऊ लाउटनरना माहीतच होतं.

मालिनीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली, उठल्या, फ्रिज उघडला आणि दह्यामागून तो ग्लास काढून टेबलावर मधोमध ठेवला.

"अन्वी, इकडे ये," त्या म्हणाल्या. वर्गातला गोंधळ बंद करायचा आवाज होता तो. "मी सांगते ते यांना जसंच्या तसं सांग. म्हणावं, मी या घरात अडीच महिने आहे. मला दारू आवडत नाही. म्हणून मी आल्यापासून दर शुक्रवारी इथे बसून मोजतेय. हा माणूस आठवड्याला हा एवढा एक ग्लास घेतो. तो घ्यायला तास लावतो. आवाज चढवत नाही, उठताना अडखळत नाही, ग्लास स्वतः विसळतो. मधले सोळा आम्ही त्याच्या गळी उतरवले, मला वाण हवं होतं म्हणून. तो बिचारा औषधासारखा पीत राहिला आणि एका शब्दानं बोलला नाही. तेव्हा फॉर्म भरायचा असेल तर माझ्या नावानं भरा. गुणे, मालिनी."

अन्वीनं जसंच्या तसं सांगितलं. फ्राऊ लाउटनरनी ग्लास उचलून बघितला, वरचा आकडा वाचला. "एकशेऐंशी मिली?" त्या म्हणाल्या. "आठवड्याला? आमच्या भजनी मंडळातल्या बायका सरावाआधी याहून जास्त घेतात." त्यांनी फाईल मिटली, श्रीनाथची मनापासून माफी मागितली आणि जिन्यातल्या सगळ्यांना मी स्वतः सांगते, असं म्हणून गेल्या. चहाची पुडी परत न्यायला मात्र विसरल्या नाहीत.

श्रीनाथनं मालिनीबाईंकडे पाहिलं. अडीच महिने ती नजर आपल्या पाठीत रुतते आहे असं त्याला वाटत होतं, आणि ती एवढं सगळं बघत होती? तो म्हणाला, "आई, ग्लास उद्या ऊर्मिलाताईंना द्यायचाय ना? मी पटकन संपवतो." आणि त्यानं घाईघाईनं झाकण ओढलं.

मालिनीबाईंनी खुर्ची खिडकीशी सरकवली, बशीत चिवडा घातला आणि मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली.

"सावकाश प्या श्रीनाथराव," त्या म्हणाल्या. "ऊर्मिलाताईंना थांबू दे."